घर मालकाचं, थंडी भाडेकरूची

मंडळी, आज आपण इंग्लंड आणि वेल्समधल्या एका नियमावलीची चिकित्सा करू. 2015 साली तिथं भाड्याच्या इमारतींसाठी किमान ऊर्जा कार्यक्षमतेचे नियम झाले. इमारतीला ए ते जी असा दर्जा देणारं प्रमाणपत्र असतं, ते दहा वर्षं चालतं. नियम असा, की एफ किंवा जी दर्जाची जागा भाड्यानं द्यायची नाही. नव्या करारांना तो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला, आधीपासून भाड्यानं दिलेल्या घरांना 2020 पासून आणि दुकानं-कार्यालयांच्या चालू भाडेपट्ट्यांना 2023 पासून.

नियम का लागला? भिंतीला उष्णता अडवणारा थर द्यायचा, तर पैसे मालकाचे जातात आणि बिल भाडेकरूचं कमी होतं. मग मालक कशाला खर्च करील? बाजार ही गाठ आपणहून सोडवत नाही. म्हणजे कायदा हवाच, त्याबद्दल आमचं दुमत नाही. आमचे आक्षेप त्याच्या रचनेवर आहेत.

पहिला आक्षेप सवलतीवर. घरमालकानं जास्तीत जास्त 3,500 पौंड खर्च करायचे. तेवढ्यात ई दर्जा गाठता आला नाही, तर जमेल तेवढं काम करून त्यानं स्वतःच नोंदवहीत सूट नोंदवायची. ती पाच वर्षं चालते. आता बघा, जुनी, भरीव विटांच्या भिंतींची घरं गारठ्याला जास्त बळी पडतात आणि त्यांच्या भिंतींचं काम या रकमेत बसणं अवघड. म्हणजे जिथं गरज जास्त, तिथंच सूट मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरा आक्षेप मोजमापावर. घराचा दर्जा अंदाजे इंधनखर्चावरून ठरतो, तोही सरासरी राहणी गृहीत धरून. बिलाच्या धास्तीनं एकाच खोलीत हीटर लावून बसलेली म्हातारी त्या हिशेबात कुठंच नाही. शिवाय तिथं गॅसपेक्षा वीज महाग, त्यामुळे विजेच्या हीटरचं घर खालच्या दर्जात जाऊ शकतं. मग बिल कमी करायचंय की कार्बन? नियमावली दोन्ही म्हणते, पण मोजते पैसेच.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीवर. ती स्थानिक कौन्सिलांकडे आहे. व्यावसायिक जागेसाठी दंड 1,50,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो, घरासाठी कमाल 5,000. आणि तक्रार करणार कोण? नियम आले तेव्हा कलम 21 खाली मालक कारण न देता घर खाली करायची नोटीस देऊ शकत होता. अशा वेळी भाडेकरू तोंड उघडण्याआधी दहा वेळा विचार करणार.

मालकांचं म्हणणं, नियम कडक केले तर भाडी वाढतील, घरं विकली जातील. ही भीती अगदीच खोटी नाही. पण धोरणातली धरसोडही तितकीच घातक. घरांसाठी सी दर्जाची अट आणायचा बेत सुनक सरकारनं सप्टेंबर 2023 मध्ये गुंडाळला. ज्यांनी आधीच पैसे घातले होते त्यांना काय वाटलं असेल?

आमच्या मते तीन गोष्टी हव्यात: मालकाला स्वस्त कर्ज, कामानंतर भाडेकरूला संरक्षण आणि सूट देण्याआधी कौन्सिलची प्रत्यक्ष पाहणी. यातली एक जरी गळली, तरी कागदावरचा दर्जा वर चढेल आणि भिंत गारच राहील.