नाताळची प्रेमकथा आणि बाहेरचा जिना

आजच्या पुष्पाचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील. अमेरिकेतल्या नाताळच्या प्रेमकादंबऱ्या आणि त्यांतली जुनी थिएटरं, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आपण दिवाळी अंक वाचणारी माणसं आहोत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणासुदीचं वाचन आपल्या घरात आहे. नाताळची प्रेमकादंबरी हीसुद्धा अशीच सणाची वस्तू. फराळासारखी. चव आधीच ठाऊक असते, म्हणूनच हवीशी वाटते. तेव्हा ‘शेवट आधीच कळतो’ ही तक्रार आम्ही करणार नाही. गोड शेवट हा या प्रकारात लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो, आणि तो पाळलाच पाहिजे.

आमची तक्रार थिएटरबद्दल आहे.

या कादंबऱ्यांमध्ये जुनं थिएटर वारंवार येतं. साचा साधारण असा. नायिका मोठ्या शहरातून गावी परतते. आजोबांच्या वेळचं थिएटर मोडकळीला आलेलं असतं आणि जागेवर बिल्डरचा डोळा असतो. नायक एक तर सुतारकाम करणारा, नाही तर त्या बिल्डरचाच माणूस. नाताळच्या आदल्या रात्री एक कार्यक्रम होतो, गाव लोटतं, थिएटर वाचतं आणि दोघांचं जमतं. लेखकांना ही जागा का आवडते हे उघड आहे. मखमली पडदा, मंद दिवे, अंधारात शेजारी शेजारी दोन खुर्च्या. प्रेमकथेला आणखी काय लागतं?

आता एक खरं थिएटर घेऊन बघू. अटलांटा शहरातलं फॉक्स थिएटर. ते उघडलं २५ डिसेंबर १९२९ रोजी, म्हणजे चक्क नाताळच्या दिवशी. शेअर बाजार कोसळून जेमतेम दोन महिने झाले होते. मुळात ही वास्तू श्रायनर्स नावाच्या मंडळाने स्वतःसाठी योजलेली, म्हणून घुमट, मिनार आणि सगळा अरबी-इजिप्शियन थाट. आतलं छत म्हणजे रात्रीचं आकाश, त्यात लुकलुकणारे तारे. साडेचार हजारांवर खुर्च्या. ऑर्गनला ३,६२२ नळ्या. एखाद्या लेखिकेने हे मनाने रचलं असतं, तर संपादक म्हणाला असता, बाई, जरा कमी करा.

१९७० च्या दशकात एका टेलिफोन कंपनीला त्या जागी मुख्यालय बांधायचं होतं. लोक उठले. १९७५ साली त्यासाठी संस्था उभी राहिली, तिने कर्ज काढून थिएटर घेतलं. जुलै १९७६ मध्ये लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडने मदतीसाठी तिथे कार्यक्रम केले. १९७८ साली कर्ज फिटलं. आणि कंपनीची इमारत? ती शेजारच्या जागेत झाली. म्हणजे खलनायकाशीही तडजोडच झाली. एका रात्रीचा चमत्कार नाही. बैठका, कागदपत्रं, हप्ते. कादंबऱ्या हे गाळतात. गाळू देत. हप्त्यांचा हिशेब वाचायला कुणी प्रेमकथा उघडत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र गाळून चालत नाही. फॉक्सला बाहेरच्या अंगाने वर जाणारा एक जिना आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी वेगळ्या खिडकीवर तिकीट काढायचं आणि त्या जिन्याने थेट वरच्या बाल्कनीत जायचं. छतातले तारे त्यांनाच सगळ्यांत जवळ, आणि दर्शनी दालन त्यांनाच बंद!

त्याच शहरात लोज ग्रँड नावाचं दुसरं थिएटर होतं. नाताळच्या तोंडावर, १५ डिसेंबर १९३९ रोजी तिथे ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ झाला. त्या सिनेमातली अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल त्या खेळाला येऊ शकली नाही, कारण ती कृष्णवर्णीय होती. पुढच्या फेब्रुवारीत त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. तिथेही तिचं टेबल वेगळं मांडलेलं होतं. ते थिएटर पुढे जानेवारी १९७८ मध्ये आगीत सापडलं आणि पाडलं गेलं. म्हणजे ज्या वर्षी फॉक्स कर्जातून मोकळं झालं, त्याच वर्षी.

कुणी म्हणेल, सणाच्या गोड गोष्टीत हे कडू कशाला? आमचं म्हणणं असं की, हा प्रश्न चांगुलपणाच्या आधी कथेचा आहे. प्रेमकथा म्हणजे काय? दोन माणसं आणि मधला अडथळा. या कादंबऱ्यांमधला अडथळा बहुतेक वेळा अगदी तकलादू असतो. अर्धवट ऐकलेला फोन, नाही तर एखादा गैरसमज, दोन मिनिटं बोलले तर सुटेल असा. आणि ज्या इमारतीत गोष्ट घडते, ती इमारतच मुळी ‘कुणी कुणाच्या शेजारी बसायचं’ हे ठरवायला बांधलेली! इतका पक्का अडथळा विटांमध्ये तयार असताना लेखक तारे तेवढे उचलतात आणि जिना सोडून देतात.

समजा, नायिकेची आजी त्या जिन्याने चढून सिनेमा बघायची आणि नायकाचे आजोबा खाली बसायचे. दोघांनाही थिएटर प्रिय. पण दोघांच्या आठवणीतलं थिएटर एक नाही. मग ‘वाचवायचं’ म्हणजे नेमकं काय वाचवायचं, यावर नातवंडांचं खरंखुरं भांडण होईल. जिना ठेवायचा की पाडायचा? त्या भांडणातून दोघं जवळ आली, तर शेवट गोडच राहील. फक्त तो आयता मिळालेला नसेल.

आपल्याकडेही ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ते २०१६ बंद होतं आणि मग पुन्हा उघडलं. उद्या कुणी त्यावर दिवाळी अंकासाठी प्रेमकथा लिहायला घेतली, तर आमची एकच विनंती राहील. झुंबरांचं वर्णन जरूर करा, पण कोण कुठल्या दाराने आत यायचं तेही एकदा बघून घ्या. गोष्ट बहुधा त्या दाराशीच सापडेल.