पंचक्लेश आणि कौला बंदरचे पाणी

माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या आतच आहे, असे पातंजल योगदर्शन सांगते. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे ते पाच क्लेश. त्यांतही अविद्या ही उरलेल्या चौघांची जमीन. २०१५ पासून दर २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागला आणि हा विचार व्याख्यानांतून कॉलेजांत, कारखान्यांत पोचला. रे रोडच्या पूर्वेकडून माझ्या वर्गात येणारी मुले तो ऐकतात आणि विचारतात, "सर, मग आमच्या दुःखाला आम्हीच जबाबदार का?" हा प्रश्न बाजूला सारून योगदर्शनाची समीक्षा करणे म्हणजे निव्वळ पांडित्य होईल.

योगसूत्रे टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध या वैद्यकाच्या चौकटीत व्यासभाष्य दुःखाचा विचार बसवते. ही चौकट बुद्धाच्या चार सत्यांच्या फार जवळची आहे. न आलेले दुःख टाळता येते, हे सूत्रही निराशावादी नाही.

घोटाळा शब्दांपासून सुरू होतो. राग म्हणजे इथे आसक्ती, मराठीतला संताप नव्हे. अस्मिता म्हणजे पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांना एकच समजणे. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवले, तेव्हा त्या शब्दात नाकारलेल्या माणसाचे आत्मभान होते. या दोन अस्मिता एक धरून 'दलित अस्मिता हाही क्लेशच' असे सांगणारा विद्वान ना पतंजली वाचतो, ना आपल्याला.

खरी अडचण साधनपादाच्या तेराव्या सूत्रात आहे. क्लेशांचे मूळ असेपर्यंत कर्माचे फळ मिळत राहते, आणि ते फळ तीन प्रकारचे: जाती, आयुष्य आणि भोग. भाष्यकारांना येथे जाती म्हणजे देव, मनुष्य, पशू अशी योनी अभिप्रेत आहे, हे मान्य करू. पण मनुष्याचा जन्म मागच्या कर्माचे फळ ठरला की अस्पृश्याचा जन्म कोणत्या कर्माचे फळ, हे विचारायला कुणी थांबत नाही. उत्तर आधीच तयार असते. आणि त्याच पादाचे एकतिसावे सूत्र सांगते की अहिंसादी यम जाती, देश, काळ यांच्या मर्यादेने अडू नयेत. या सूत्रावर व्याख्यान झालेले मी अजून ऐकलेले नाही.

अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणे, मरणाचे भय. दारूखान्यात वर्षानुवर्षे जुनी जहाजे तोडली गेली. टाकीत वायू साठला असेल या भीतीने गॅसकटर खाली ठेवणाऱ्या कामगाराचे भय क्लेश म्हणायचे की ज्ञान? १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' फुटले. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात होती. शेकडो माणसे मेली. त्यांच्या मृत्यूचे कारण त्यांच्या चित्तात शोधणे ही क्रूर थट्टा आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात सिद्धार्थ गृहत्याग करतो तो म्हातारा, रोगी, प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यामुळे. दुःख येथे माणसामाणसांत आहे. कौला बंदरला हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन पोर्ट ट्रस्टची म्हणून तिथल्या वस्तीला वर्षानुवर्षे पालिकेचा नळ मिळाला नाही. लोकांनी पाणी विकत घेतले. यात अविद्या असेलच तर ती तहानलेल्याची नव्हे.

मात्र बाबासाहेबांनी मनाला हद्दपार केले नाही. त्याच ग्रंथात चित्तशुद्धीला मोठे स्थान आहे, आणि ते आपण सोयीने विसरतो. १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे जे तुकडे होत गेले, त्यांचे सगळे खापर बाहेरच्या शत्रूवर फोडता येत नाही. पदाची आसक्ती होती, पोटजातींचा आकस होता. त्या इतिहासाची चिकित्सा करताना राग आणि द्वेष हे दोन शब्द पतंजलीकडून घ्यायला मला संकोच वाटत नाही. त्यासाठी तेराव्या सूत्रातला कर्मविपाक सोबत घ्यावा लागत नाही.