वाकळ आणि विरंगुळा

संकटकाळी हातांना काही काम असावे, म्हणजे मनाला आधार मिळतो, हा विचार आपल्या अलीकडच्या ललित लेखनात इतका रूढ झाला आहे की, तो तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर विणकाम, भरतकाम, मातीकाम यांच्या गुणगानास विशेष भर आला. या लेखनातून दोन शब्द सारखे भेटतात, ‘छंद’ आणि ‘विरंगुळा’. या दोन्ही शब्दांना रिकामा वेळ गृहीत आहे. काम संपले, आता मन रमवावयाचे, अशी त्यांची पार्श्वभूमी असते. ज्या घरात काम संपत नाही आणि संकटही संपत नाही, त्या घरातील हस्तकौशल्याचे वर्णन या शब्दांनी होईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. विचारासाठी वस्तू घेतली आहे ती वाकळ, म्हणजेच गोधडी.

वाकळीने नव्या मराठी कवितेत चांगलेच स्थान मिळविले आहे. तथापि तिचे तेथील रूप बहुधा एकच असते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक आठवण, हा आईच्या लुगड्याचा, तो बाबांच्या सदऱ्याचा, आणि सगळे मिळून मायेची ऊब. कल्पना गोड आहे, परंतु ती पांघरणाऱ्याची आहे, शिवणारीची नव्हे. पांघरणाऱ्याला तुकडे दिसतात. शिवणारीला टाके दिसतात. आपली समीक्षा हा भेद करीत नाही, आणि त्यामुळे हस्तकामातील दिलासा नेमका कोठे असतो हे तिच्या हातून निसटते.

या बाबतीत भाषेची साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. ‘हस्तकला’ हे शाळेच्या वेळापत्रकातील नाम आहे. वाकळ शिवणारी बाई आपण हस्तकला करीत आहोत असे कधी म्हणत नाही. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तेव्हा डोळ्याचा ‘डोया’ होतो तशी वाकळीची ‘वाकय’ होते. ती शिवतात, तिचे थर लावतात, तिच्यात धावदोरा घालतात. सगळा भर क्रियापदावर. दुःखासाठीही आपल्या भाषेने शिवणकामातूनच शब्द उचलले आहेत. संसार उसवतो, त्याला ठिगळे लावावी लागतात, जीव गुंततो. आणि आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावणार, अशी म्हणही आहे. या म्हणीत हताशपणा आहे असे आपण समजतो. वस्तुतः तिचा प्रश्न मापाचा आहे. आभाळाला माप नाही, म्हणून तेथे सुई चालत नाही. वाकळीला मात्र माप आहे. सुईत ओवला जातो तो हातभर दोरा. तो संपला की दुसरा ओवावयाचा. पुष्कळ वाकळींत टाके काठाकडून मध्याकडे, चौकोनात चौकोन असे येत जातात. वर्ष कसे निघेल हे ठाऊक नसलेल्या बाईला पुढची ओळ कोठून जाणार हे ठाऊक असते. दिलासा म्हणावयाचा तो मला येथे दिसतो. त्यात विसर पडत नाही, फक्त मापात बसणारी एक गोष्ट समोर राहते.

ही जाणीव मराठी काव्यात सर्वांत स्वच्छपणे कोठे उमटली असेल तर ती बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत. असोद्यास १८८० साली जन्मलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या निरक्षर बाईची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाली. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांच्या गाण्याचे कौतुक मातृप्रेमाचे गाणे म्हणून होते. पण कवयित्रीची नजर अधिक वेळ रेंगाळते ती हत्यारावर. एवढ्याशा चोचीने हे विणले, आणि माणसाला तर दोन हात नि दहा बोटे दिली आहेत, असा तिचा रोख आहे. घरोट्याच्या गाण्यातही दळणे आधी येते; गाणे त्यातून निघते. दुःख हलके करण्यासाठी बहिणाबाई काम करीत नाहीत. काम करावेच लागते, आणि ते नीट केल्याने त्यांचा आवाज शाबूत राहतो. वैधव्यावरील गाण्यात शेजारणींची कीव त्या नाकारतात, ती याच आवाजात.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. हस्तकामाचा दिलासा गाताना हस्तव्यवसाय बुडाल्याचे दुःख आपण झाकून टाकीत नाही काय? वऱ्हाडात तरी हा प्रश्न टाळता येणार नाही. १८७० साली खामगावपर्यंत लोहमार्ग आला, वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून विलायतेस जाऊ लागला, आणि घरोघरची कताई व विणाई ओसरली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ सालच्या इंग्रजी ग्रंथात या दोहोंचा संबंध साधार मांडला आहे. संकटकाळी ज्या कौशल्याने पोट भरावयाचे, ते कौशल्यच संकटाने आधी नेले. उरली ती बिनमजुरीची वाकळ. कापसाच्या मुलखात पांघरूण व्हावे ते जुन्या लुगड्याच्या धडप्यांचे, यातील विसंगती कवींच्या लक्षात सहसा येत नाही. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनमध्ये १९१८ साली भरतकामाचा उद्योग निघाला, त्यात उपचाराबरोबर मोबदलाही होता. नालवाडीस विनोबांनी कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला, तेव्हा मनःशांती आणि मजुरी हे दोन्ही हिशेब त्यांनी एकत्रच मांडले होते. विरंगुळ्याच्या लेखनात दुसरा हिशेब येतच नाही.

माझे आजोळ साखरखेर्डा. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव येते ते १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा येथे पराभव केला म्हणून; आजीला त्याचे सोयरसुतक नव्हते. तिच्या लेखी मोठे वर्ष एकच, १९७२. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडावयाची आणि उजेड असेतो वाकळ शिवावयाची, असा तिचा त्या उन्हाळ्यातील क्रम होता असे घरात सांगतात. ती वाकळ माझ्याकडे आहे. लहानपणी मी तिच्यात आठवणी शोधत असे, आणि हा काठ कोणाच्या लुगड्याचा असे विचारीत असे. आजी उत्तर देई, पण उत्साहाने नव्हे. टाके अजून पक्के आहेत ना, हे ती बोटाने चाचपून पाही. पुढे एक कोपरा उसवला तेव्हा आतला थर दिसला. तो धान्याच्या सुती पोत्याचा होता, आणि त्यावर पुसट छापील अक्षरे होती. अक्षरांची बाजू तिने आत घातली होती. वरून धडपे लावले होते, आणि त्या जागी टाके इतर ठिकाणांपेक्षा दाट होते.