मिसिसिपीचा आल्बम

दिवाळीच्या आवराआवरीत जुना आल्बम हाती लागला की साफसफाई तिथेच अडते. 'ही कोण?' म्हणून पोरे विचारतात आणि आजी सांगू लागते. फोटो एका क्षणाचा. आजीची हकीकत मात्र दोन पिढ्या ओलांडून येते. युडोरा वेल्टी (१९०९–२००१) या अमेरिकन लेखिकेचा 'वन टाइम, वन प्लेस' हा छायाचित्रसंग्रह चाळताना मला वाटले, या बाईंनी फोटोही काढले आणि आजीचे कामही स्वतःच केले.

वेल्टीबाई मिसिसिपीतल्या जॅक्सन गावच्या. वडिलांना कॅमेऱ्याचा नाद होता. १९३१ साली ते वारले. देशभर मंदी पसरलेली. अशा दिवसांत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेत बाईंना प्रसिद्धीची एक दुय्यम नोकरी मिळाली. रस्ते, धावपट्ट्या यांच्या बातम्या लिहायच्या म्हणून त्या प्रांतभर हिंडल्या. फोटो काढणे हे त्या नोकरीचे काम नव्हे. ते त्यांनी आपल्या हौसेने केले आणि घरच्या स्वयंपाकघरात रात्री धुतले. कापसाच्या शेतावरून परतणाऱ्या बाया, ओसरीवर टेकलेली माणसे, रविवारचे ठेवणीतले कपडे! पहिली कथा छापली गेली आणि न्यूयॉर्कला छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, ही दोन्ही १९३६ चीच. पुस्तक निघाले ते मात्र १९७१ साली.

त्याच्या आरंभी बटणांचा स्वेटर घातलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र आहे. त्या चेहऱ्यावर दैन्य शोधू जावे तर सापडते ते निराळेच, एक प्रकारचे करारी शहाणपण. हा संग्रह सामाजिक दस्तऐवज नसून कौटुंबिक आल्बम आहे, असे बाईंचे म्हणणे. ते मला गोड वाटले, पटले मात्र नाही. घरच्या आल्बमातला माणूस 'माझा नको काढूस' म्हणू शकतो. त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. इथल्या बहुतेकांची नावे आपल्याला कळत नाहीत. ज्या मिसिसिपीत काळ्या माणसाला मतपेटीपाशी फिरकू देत नसत, तिथे गोऱ्या घरच्या मुलीने कॅमेरा रोखल्यावर समोरच्या बाईने नकार तरी कसा द्यावा? बाईंचा स्नेह खरा होता, याविषयी शंका नाही. पण स्नेह एका बाजूने जाहीर करून कुटुंब होत नाही.

आणि गंमत अशी, की हा आक्षेप बाईंच्या कथेला ठाऊक आहे! 'अ वर्न पाथ' ही त्यांची १९४१ ची कथा पाहा. नातवाच्या औषधासाठी म्हातारी फीनिक्स जॅक्सन थंडीत रानवाट तुडवीत शहराकडे निघते. वाटेत एक गोरा शिकारी भेटतो, तिला हात देऊन उठवतो, थट्टा करतो आणि सहज गंमत म्हणून बंदूक रोखतो. दवाखान्यातल्या बाईच्या लेखी ती धर्मादाय औषधाची एक गिऱ्हाईक. हे सारे तिला पाहतात. कोणालाच ती दिसत नाही. छायाचित्रात भिंगामागचा माणूस कधी येत नाही. कथेत वेल्टीबाईंनी त्यालाच चौकटीत ओढून आणले, आणि म्हातारीच्या नजरेपुढे उभे केले. फीनिक्सला नाव आहे, हट्ट आहे, सापडलेले नाणे गुपचूप खिशात घालण्याची लबाडीसुद्धा आहे. स्वेटरवाल्या बाईला हे काहीच देता आले नव्हते.

म्हणून 'फोटोंतून कथा निघाल्या' या सोप्या विधानाशी मी थबकतो. फोटोंनी त्यांना थांबून पाहायला शिकविले हे खरे. पण कथा लिहिल्या गेल्या त्या फोटोंत जे राहून गेले त्यापायी. १९६३ साली जॅक्सनमध्ये मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय पुढाऱ्याचा खून झाला, तेव्हा बाईंनी लगोलग कथा लिहिली, तीही मारेकऱ्याच्या तोंडून. त्या अंधारात कोणता कॅमेरा शिरला असता?

त्यांचा स्वतःचा कॅमेरा तर १९५० सालीच पॅरिसच्या भुयारी रेल्वेत एका बाकावर राहून गेला होता. आपल्या वेंधळेपणाची शिक्षा म्हणून त्यांनी दुसरा घेतला नाही.