शारीरग्रंथांतील हृदय आणि शस्त्रवैद्याचे हृदय

शारीरशास्त्रावरील ग्रंथाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वर्णन अचूक असावे ही पहिली कसोटी खरीच. परंतु प्रत्येक वाक्य अचूक असूनही समग्र चित्र वाचकास चुकीच्या दिशेने नेऊ शकते. छाती व हृदय यांच्या वर्णनात असेच घडत आले आहे. याचा विचार दोन ग्रंथांच्या आधारे करणे सोयीचे होईल. पहिला हेन्री ग्रे यांचा १८५८ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेला ‘ॲनाटमी, डिस्क्रिप्टिव्ह अँड सर्जिकल’. दुसरा वॉलेस मॅकऑल्पाइन यांचा १९७५ सालचा हृदय व हृद्-रोहिण्या यांचा चित्रसंग्रह.

ग्रे यांच्या ग्रंथाचे यश जितके त्यांच्या गद्याचे, तितकेच हेन्री व्हँडाइक कार्टर यांच्या चित्रांचे आहे. अवयवांची नावे चित्राबाहेर न ठेवता त्या त्या अवयवावरच छापण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली, आणि त्यामुळे आकृती व संज्ञा एकाच दृष्टिक्षेपात मनात ठसतात. हेच कार्टर १८५८ साली मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. तेव्हा या ग्रंथाशी आपला संबंध केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. मात्र या चित्रांचे जे सामर्थ्य, तेच हृदयाच्या बाबतीत त्यांची मर्यादा ठरते. जे नाव इतके ठसठशीत छापले जाते, त्याविषयी पुढे शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

ग्रंथाच्या नावात ‘शस्त्रक्रियात्मक’ हे विशेषण आहे. हातापायांच्या रोहिण्यांपाशी ते सार्थ होते, कारण रोहिणी कोठे उघडावी व कोठे बांधावी हा त्या काळच्या शस्त्रवैद्याचा नित्याचा प्रश्न होता. हृदयास शस्त्र लावण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन यांनी उजव्या निलयाची जखम शिवली ती १८९६ साली. म्हणून ग्रे यांना दोष देणे अन्यायाचे होईल. टीकेस पात्र आहेत ते नंतरचे ग्रंथकार. कारण हृदय शस्त्राच्या टप्प्यात आल्यावरही त्यांनी वर्णनाची जुनी बैठक बदलली नाही.

ही बैठक विच्छेदनगृहातील मेजाची आहे. हृदय छातीतून काढावयाचे, टोकावर उभे धरावयाचे आणि मग त्याची उजवी-डावी बाजू सांगावयाची, ही ती रीत. अशा हृदयात उजवे व डावे कप्पे शेजारी शेजारी दिसतात. देहात तसे नसते. उजवे निलय उरोस्थीच्या मागे, म्हणजे समोरच्या बाजूस असते. डावे अलिंद सर्वांत मागे, अन्ननलिकेला लागून असते. आपल्या मराठी संज्ञाही याच गोंधळात भर घालतात. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी. रक्ताच्या प्रवासाच्या दृष्टीने ते नाव योग्य आहे, पण स्थानाच्या दृष्टीने पाहिल्यास डावे अलिंद ही ओसरी नसून परसदार आहे. हाताच्या, पायाच्या वा यकृताच्या वर्णनात मनुष्य ताठ उभा आहे असे मानून दिशा सांगण्याचा नियम कटाक्षाने पाळावयाचा व हृदयापाशी येताच तो सोडून द्यावयाचा, याचे समर्थन कसे करणार? निलयांच्या मधून उतरणारी जी रोहिणी ‘पश्च’ म्हणून ओळखली जाते, ती वस्तुतः हृदयाच्या खालच्या, मध्यपटलावर टेकलेल्या पृष्ठावरून जाते.

हा केवळ शब्दांचा वाद आहे, असे कोणी म्हणेल. परंतु शस्त्रवैद्यास हवी असते ती शेजारसंबंधांची माहिती. बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. म्हणून छातीत नळी घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने घालावी लागते. जन्मापूर्वी फुप्फुस-रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी वाहिनी जन्मानंतर बुजली नाही, तर ती बांधता येते, हे बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली दाखविले. परंतु त्या वाहिनीलगतच डाव्या स्वरयंत्राचा मज्जातंतू महारोहिणीला वळसा घालून वर जातो, आणि तो दुखावल्यास रोग्याचा आवाज बसतो. महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांच्या मागून बोट आरपार जाईल अशी परिहृदातील पोकळी जुन्या ग्रंथांत एक किरकोळ तपशील होती. या दोन वाहिन्यांना एकत्र चिमटा लावण्याची वेळ आली तेव्हा तीच शस्त्रवैद्याची वाट झाली. द्विदल झडपेच्या कड्याभोवती डाव्या हृद्-रोहिणीची वळसा घेणारी शाखा इतकी जवळून जाते की, झडप शिवताना खोल गेलेला टाका तिला आवळू शकतो. यांतील प्रत्येक अवयव ग्रंथात होताच. पण एक एका प्रकरणात, तर दुसरा दुसऱ्या प्रकरणात.

याहून कठीण प्रसंग डोळ्यांना न दिसणाऱ्या रचनेचा. अलिंदाकडून निलयाकडे स्पंदन नेणारा स्नायूंचा पट्टा विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली वर्णिला. त्याच्या आरंभीची गाठ व पुढच्या शाखा सुनाओ तवारा यांनी मारबुर्ग येथे केलेल्या अभ्यासातून १९०६ साली स्पष्ट झाल्या. पुढे १९५४ साली मिनिआपोलिस येथे वॉल्टन लिलेहाय यांनी निलयांमधील पडद्याची छिद्रे शिवण्यास प्रारंभ केला, तेव्हा काही रोग्यांत हा पट्टाच टाक्यात सापडला व हृदयाची गती तुटली. छिद्राच्या नेहमीच्या प्रकारात पट्टा त्याच्या मागच्या-खालच्या कडेने जातो. हे ज्ञान सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालेले होते. पण टाका नेमका कोठे घालू नये हे सांगणाऱ्या स्वरूपात ते शस्त्रवैद्याच्या हाती वेळेवर आले नव्हते. ज्ञान असणे आणि ते योग्य जागी असणे यांतील अंतराची किंमत रोग्यांना मोजावी लागली.

मॅकऑल्पाइन यांच्या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. हृदय छातीत जसे असते त्याच स्थितीत ते दाखवावे, असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो त्यांनी उपदेशाने नव्हे तर चित्रांनी मांडला. त्यांच्या पद्धतीमुळे क्षकिरणचित्रात दिसणारी सावली आणि प्रत्यक्ष अवयव यांची सांगड घालता येते. हाच विचार पुढे रॉबर्ट अँडरसन यांच्यासारख्या संशोधकांनी चालविला, आणि १९९९ साली युरोप व उत्तर अमेरिका येथील हृदयविद्युत्-तज्ज्ञांच्या गटांनी अलिंद-निलय संधीच्या भागांना देहस्थितीप्रमाणे नावे देण्याची शिफारस केली.

तथापि ही भूमिकाही अखेरची नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगी उताणा असतो, वैद्य बहुधा त्याच्या उजव्या बाजूस उभा असतो. परिहृदास घातलेल्या टाक्यांनी हृदय वर ओढलेले असते आणि खालच्या पृष्ठावरील रोहिणीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याचे टोक उचलावे लागते. उभ्या देहातील हृदयही अशा रीतीने त्याला जसेच्या तसे भेटत नाही. शिवाय रूढ नावे एकाएकी टाकल्यास जुने वाङ्मय नव्या विद्यार्थ्यास परके होईल, ही अडचण खरी आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, उजवे-डावे ही कप्प्यांची नावे ठेवावीत, कारण ती आता दिशावाचक न राहता विशेषनामे झाली आहेत. परंतु ‘पश्च रोहिणी’सारखी जी नावे आजही दिशेचा दावा करतात व तो खोटा ठरतो, ती बदलावीत. आणि ग्रंथात एकच चित्र न देता तीन द्यावीत: मेजावरचे हृदय, देहातले हृदय व उघडलेल्या छातीतून दिसणारे हृदय. पहिल्यावरून रचना कळेल, दुसऱ्यावरून निदान साधेल, तिसऱ्यावरून हात सावध राहील. जो ग्रंथ विद्यार्थ्यास या तिन्हींमध्ये मनातल्या मनात हृदय फिरविण्यास शिकवील, त्यालाच ग्रे यांच्या शीर्षकातील ‘शस्त्रक्रियात्मक’ हे विशेषण हृदयाच्या बाबतीतही सार्थपणे लावता येईल.