दगडापेक्षा वीट मऊ : 'चमचा युग' पुन्हा वाचताना

दगडापेक्षा वीट मऊ, ही म्हण कुणी काढली ठाऊक नाही. ज्याच्या डोक्यात दोन्ही बसले त्यानं काढली नसणार.

आमच्या गडमुडशिंगीत मतदान आलं की ही म्हण निघते. कोल्हापूर दक्षिणमध्ये २०१४ ला महाडिक, २०१९ ला पाटील, २०२४ ला परत महाडिक. दोन घराणी, दोन झेंडे, आणि मधी आपण. २०२४ च्या निकालानंतर वस्तीतल्या कट्ट्यावर एका पोरानं दुसऱ्याला तोंडावर 'चमचा' म्हटलं. का? तर त्यानं "संविधान वाचवायचं" म्हणून हातावर शिक्का मारला. दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. आजही बोलत नाहीत.

हा शब्द आला कुठनं? कांशीराम यांच्या 'चमचा युग' या पुस्तकातनं. पुस्तक न वाचता शब्द वापरणारे आपल्यात लई झालेत. म्हणून दोस्तांनो, आधी पुस्तकाकडं बघू.

२४ सप्टेंबर १९८२ ला, पुणे कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, कांशीराम यांनी हे पुस्तक काढलं. अर्पण केलं जोतिराव फुल्यांना. मांडणी सरळ आहे. १९३२ च्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना ७१ जागा दिल्या, आणि त्या जागांवरचा माणूस अस्पृश्यांनीच निवडायचा होता. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातलं मतही होतंच. पुणे करारानं जागा १४८ केल्या, पण शेवटचं मत सगळ्यांच्या हातात गेलं. जागा वाढल्या आणि माणूस गेला. आपल्या जागेवर कोण बसणार हे दुसरे ठरवू लागले. जो त्यांना चालेल तोच निवडून येणार. त्यालाच कांशीराम चमचा म्हणतात.

हे निदान खोटं म्हणायची कुणाची छाती नाही. १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले. राखीव जागेवर पडले, काँग्रेसच्या काजरोळकरांकडून. ज्यानं घटना लिहिली त्याच्यापेक्षा त्यांना काजरोळकर सोयीचे वाटले. पुस्तकाचं हे बळ आजही जसंच्या तसं आहे.

माझी तक्रार पुढं आहे. कांशीराम चमच्यांची यादी करतात. जातीवार चमचे, पक्षवार चमचे, अडाणी चमचे, आंबेडकरी चमचे, चमच्यांचे चमचे, परदेशातले चमचे. यादी मोठी आणि झोंबणारी. पण त्या यादीत मत देणारी बाई कुठं बसते? तिला तिकीट नको, महामंडळ नको. दोन्ही उमेदवार तिचे नाहीत हे तिला कळतं. कुठला कमी मारील एवढाच विचार करून ती बटण दाबते. तिला चमचा म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच शिवी देणं. पुस्तक विकलेल्या माणसाला ओळखतं, अडकलेल्या माणसाला ओळखत नाही. आपल्या पोरांनी नेमकी हीच खोट उचलली.

बरं, कांशीराम यांनी स्वतः काय केलं? १९८४ ला त्यांनी बसप काढला. त्याच बसपनं उत्तर प्रदेशात १९९५, १९९७ आणि २००२ ला भाजपच्या पाठिंब्यानं सरकार केलं. पुस्तकाची फूटपट्टी लावली तर लेखकच आत येतो. मी त्यांना चमचा म्हणणार नाही. अटी त्यांच्या होत्या, मुख्यमंत्री त्यांची होती. पण २००२ च्या सुरुवातीला गुजरात जळत होता आणि मे महिन्यात लखनौत शपथ झाली, हाही हिशेब वहीत लिहावा लागेल. पुस्तकानं शब्द दिला, तराजू दिला नाही. तराजू आपल्याला करावा लागेल.

महाराष्ट्रात आपण सगळे रस्ते चालून झालो. १९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळी पेटली, भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. मतदान न करण्यातही वजन असतं हे त्या दिवशी दिसलं. १९९८ ला रिपब्लिकन एक झाले, काँग्रेसशी उघड बोलणी केली आणि चार खासदार आले, चारही खुल्या जागांवरनं. एकी टिकली नाही, ती गोष्ट वेगळी.

२०१९ ला वंचित स्वतंत्र लढली. नांदेडात अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले, वंचितला दीड लाखावर मतं. लगेच "बी टीम" म्हणून बोंब उठली. २०२४ च्या फेब्रुवारीत तेच चव्हाण भाजपात गेले. ज्या विटेसाठी आपल्याला शिव्या बसल्या, ती वीट स्वतःच दगडाच्या ढिगात जाऊन पडली!

त्याच २०२४ ला आपल्या जिल्ह्यात काय झालं? कोल्हापुरात वंचितनं काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना पाठिंबा दिला. शेजारच्या हातकणंगल्यात स्वतःचा उमेदवार दिला. एकाच पक्षाचे, एकाच जिल्ह्यात दोन निर्णय. मग यातला कुठला निष्ठावंत आणि कुठला चमचा? प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा : पाठिंब्याच्या बदल्यात कुठल्या अटी घातल्या, त्या कुणापुढं वाचल्या आणि निकालानंतर कुणी विचारल्या?

इथंच आपण उघडे पडतो. मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत भांडतो आणि निकालानंतर पाच वर्षं झोपतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे असतात. आपल्या गावात ते किती, कुठं गेले, हे कट्ट्यावरच्या कितीजणांना सांगता येईल? शिष्यवृत्ती कुणाची अडकली, याची यादी कुणाकडं आहे? ज्याच्याकडं यादी नाही त्याला अट घालता येत नाही. त्याला फक्त दगड का वीट एवढंच विचारलं जातं.

माणगाव आपल्यापासनं लांब नाही. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी आपल्या लोकांना सांगितलं, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. त्याआधी जानेवारीत 'मूकनायक' निघाला होता. तेव्हा आपल्याला मताचा पत्ता नव्हता. मताच्या आधी पेपर, परिषद आणि संघटना उभी राहिली. आज मत आहे, बाकीचं कुठं आहे?

तेव्हा 'चमचा युग' वाचा, जरूर वाचा. पण तो शब्द तिकीट घेणाऱ्यासाठी राखून ठेवा. वस्तीतल्या माणसावर उगारू नका. कट्ट्यावरच्या त्या दोघांना मी एक वही दिली आहे. एकानं निधीचा हिशेब काढायचा, दुसऱ्यानं शिष्यवृत्तीची यादी करायची. बोलणं अजून सुरू झालेलं नाही. वही मात्र एकाच्या घरातनं दुसऱ्याच्या घरात जाते.

जयभीम.