ओवीची चाल आणि तिचे पाठभेद

जात्यावरील ओव्यांचे संग्रह मराठीत पुष्कळ झाले. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' किंवा सरोजिनी बाबर यांनी संपादिलेले लोकसाहित्याचे ग्रंथ अनेक घरांत आदराने वाचले गेले. या संग्राहकांचे ऋण मान्य करूनही एक उणीव दाखविणे आम्हांस अवश्य वाटते. त्यांनी ओवीचे शब्द राखिले. चाल मात्र जात्यापाशीच राहिली. जे गाइले जात होते ते आपण कविता म्हणून वाचू लागलो, आणि अर्धे हाती आले असता सर्व मिळाल्याचे समाधान मानून बसलो.

ही उणीव केवढी आहे हे आम्हांस हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे कळले. हा मुलूखच गाण्याचा. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात, आणि दळणकांडणाशी जिचे नाव कायमचे जडले त्या जनाबाईचे गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात. येथे एका घरी वृद्ध सासू व प्रौढ सून यांच्या तोंडून आम्ही एकच ओवी ऐकली. शब्द तेच, परंतु सासूची चाल पहिल्या चरणाच्या अखेरीस खाली येऊन विसावली, तर सुनेची तेथेच वर रेंगाळली, 'गं बाई' म्हणून तिने अर्धा चरण पुन्हा घेतला आणि मगच ती उतरली. यांतील खरी चाल कोणती, असे आम्ही विचारले. सासूबाई म्हणाल्या, "ही माझ्या माहेरची, ती तिच्या माहेरची. त्यात खरं-खोटं काय आलं?"

या उत्तरात चालीचा सारा इतिहास आला, असे आम्ही समजतो. ओवी फार जुनी. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त केली. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त तिला प्रबंधांमध्ये स्थान दिले. १२९० साली ज्ञानेश्वरांनी तिला तत्त्वज्ञानाची वाणी केली. परंतु पंडितांनी लक्षण लिहिले, चाल लिहिली नाही. ती लग्न होऊन गेलेल्या मुलींबरोबर गावोगाव हिंडली, आणि नव्या घरी, नव्या जोडीदारणीसमोर खुंटा धरताना थोडी थोडी बदलत गेली.

लोकांच्या चालींचा हा स्वभाव सर्वत्र सारखाच दिसतो. आयर्लंडात 'जिग' नावाच्या नृत्याच्या चाली फिडलवर वाजवितात. आपल्या दादऱ्याप्रमाणे त्यांच्याही सहा मात्रा तीन-तीनांत विभागलेल्या. चालीचे भाग बहुधा दोन; प्रत्येक भाग दोनदा वाजवावयाचा, आणि पुनरावृत्तीच्या वेळी कुशल वादक एखादे वळण बदलणारच. एकाच चालीस गावोगाव निराळी नावेही असतात. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी तेथील आयरिश लोकांकडून अशा चाली मिळवून १९०७ साली १००१ चालींचा ग्रंथ छापला. त्यायोगे पुष्कळ चाली वाचल्या, यात शंका नाही. पण पुढे वादक त्या ग्रंथास नुसते 'पुस्तक' म्हणू लागले, आणि कोणी एकाने कोणा एका प्रसंगी घेतलेले वळण छापील प्रमाण ठरू लागले.

आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी पुण्याहून जो उद्योग केला तो या दृष्टीने अधिक मोलाचा. त्यांच्या मंडळींनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील पुष्कळ गाणाऱ्यांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. छापताना गाळले जाणारे 'गं बाई', पुन्हा घेतलेला अर्धा चरण, मध्येच टाकलेला श्वास हे सारे तेथे ऐकू येते. आवाज अनेक असल्यामुळे कोणतीही एक चाल गादीवर बसत नाही.

याउलट समारंभांतून पेटी-तबल्यासह जी ओवी हल्ली ऐकविली जाते, तिचे आम्हांस कौतुक वाटत नाही. तेथे लय घड्याळासारखी चालते आणि सर्व मुली एकाच साच्याचे गातात. मूठभर दाणे टाकताना हात मंदावतो व त्याबरोबर स्वरही लांबतो, हे त्या गाण्यास ठाऊकच नसते.

गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट सरले, हे उत्तमच झाले; ओवीसाठी ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जाते गेल्यावर चालीस आपोआप राखणारे कोणी उरले नाही. म्हणून आमची सूचना अशी की, ज्ञानेश्वरीचे पाठभेद आपण जसे प्रतीच्या नावानिशी नोंदवितो, तसेच चालीचेही नोंदवावेत. आणि नोंदीत गाणारणीचे सासर लिहून भागू नये, माहेरही विचारावे.